शेरा लिहिण्याआधी वर्गात बसू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

केंद्रप्रमुखांच्या परीक्षेच्या बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतात, कधी जाहिरात आली, कधी तारीख पुढे गेली, कधी किती जागा रिकाम्या आहेत, आणि अशी बातमी आली की त्या दिवशी माझा फोन संध्याकाळपर्यंत वाजतच असतो. ओळखीतले मुख्याध्यापक, जास्त करून बायकाच, आणि सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच. ताई, तुम्ही शाळा सोडून तिकडे गेलात, आम्ही यावं का? आणि पाठोपाठ, कोणतं पुस्तक घेऊ अभ्यासाला? फोनवर मी दोन मिनिटांत काहीतरी सांगते आणि ठेवल्यावर वाटत राहतं की सांगायचं ते राहूनच गेलं, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण शक्य असेल तर पूर्ण छापा ही विनंती.

माझी नोकरी सगळी जिल्हा परिषदेची. 17 वर्षं वर्गावर, मग हवेलीत 8 वर्षं मुख्याध्यापक, आणि आता केंद्रप्रमुख होऊन 6 वर्षं झाली. राहते धायरीला, केंद्र पानशेतच्या पलीकडे, 11 शाळा, त्यातल्या 8 द्विशिक्षकी, पावसाळ्यात दोन ठिकाणी गाडी अलीकडेच लावून चालत जावं लागतं. ज्यांना हे पद माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, साधारण दहाएक शाळांचं एक केंद्र असतं, राज्यात अशी 4860 केंद्रं, त्यावर बीटाचे, म्हणजे काही केंद्रांच्या गटाचे, विस्तार अधिकारी आणि त्यावर तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी. केंद्रप्रमुख हे पद 1990 नंतरच्या दशकात आलं ते शिक्षकाला जवळचं, हक्काचं, वर्गात येऊन मदत करणारं माणूस मिळावं म्हणून. गरज पडली तर केंद्रप्रमुखानं स्वतः पाठ घेऊन दाखवायचा, अशी अपेक्षा होती. आज किती जण घेतात माहीत नाही, मी महिन्यात एखाद-दुसरा घेते, तेवढाच जमतो.

मला चार्ज मिळाला तो एका सोमवारी, पाऊण तासात. कपाटाची किल्ली, शिक्का, दोन पासवर्ड, शाळांची यादी, तुंबलेल्या माहितीची एक जाड फाइल, आणि दुपारपर्यंत सात व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझा नंबर ॲड झालेला. झालं, आजपासून तुम्ही केंद्रप्रमुख. 25 वर्षं मी स्वतःच्या वर्गात नाहीतर स्वतःच्या शाळेत होते, दुसऱ्याच्या वर्गात मागे कसं बसायचं, काय बघायचं, बघितलेलं त्या माणसाला कसं सांगायचं की तो दुखावणारही नाही आणि आपण खोटंही बोलणार नाही, हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही, कारण मुख्याध्यापक होत्या ना, येतच असणार असं सगळ्यांनी धरून चाललेलं, मीसुद्धा.

पहिल्याच आठवड्यात एका शाळेवर गेले, तिथले मुख्याध्यापक माझे जुने सोबती, आम्ही ट्रेनिंगला कितीतरी वेळा एका डब्यात जेवलोय. मी ऑफिसात शिरल्याबरोबर ते उठून उभे राहिले आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली, या मॅडम. आदल्या महिन्यापर्यंत मी त्यांना ताई होते. आणि मी बसले त्या खुर्चीत. ते टेबलाच्या पलीकडे, बाकावर, गुडघ्यावर हात ठेवून. अर्धा तास मी हजेरी, टाचण म्हणजे शिक्षकांची पाठाची लेखी तयारी, कॅशबुक, पोषण आहाराचं साठा रजिस्टर बघितलं, हजर मुलं 19 म्हणजे माणशी 100 ग्रॅमनं तांदूळ 1 किलो 900 ग्रॅम शिजायला हवा, तो जुळला, सही केली, आणि निघताना मला जाणवलं की मी वर्गात गेलेच नाही. ते सर गणित फार सुंदर शिकवतात हे मला माहीत असून गेले नाही. आजही ती खुर्ची आठवली की मला वाईट वाटतं. तेव्हापासून ऑफिसच्या खुर्चीत बसत नाही मी, सतरंजीवर, बाकावर, जिथे मुलं असतील तिथे.

दुसरी चूक त्याहून मोठी आणि ती जवळपास प्रत्येक मुख्याध्यापक इकडे आला की करतोच. आमच्या शाळेत आम्ही असं करायचो. हे वाक्य. पहिल्या वर्षी माझ्या तोंडातून ते दिवसातून किती वेळा निघालं असेल याला मोजमाप नाही. मुख्याध्यापकाचे हात शिवशिवत असतात हो, फळा वाकडा दिसला की सरळ करावासा वाटतो, प्रार्थनेची रांग, चपलांची रांग, वाचनकोपरा, सगळं आपल्या मनासारखं हवं असतं आणि स्वतःच्या शाळेत ते ठीकच असतं, तिथे उद्या आपणच असतो. इथे आपण उद्या नसतो. एका बाईंना मी सांगितलं शब्दपट्ट्या अशा लावा, पुढच्या भेटीला अगदी तशाच लावलेल्या होत्या, मी खूश. नंतर त्यांच्या शाळेतल्या एका चौथीतल्या पोरानं सांगितलं की मॅडम येणार असल्या की त्या लावतात आणि मग काढून ठेवतात खराब होऊ नये म्हणून. त्या बाईंची चूक नव्हती. त्यांना माझ्यासाठी काम करायला मी लावलं होतं, मुलांसाठी नाही.

मला हे कळायला हवं होतं कारण मी स्वतः त्या बाजूला उभी राहिलेली आहे. मुख्याध्यापक असताना एक अधिकारी आमच्या वार्षिक तपासणीला आले होते, कोण आणि कुठले ते लिहीत नाही. आम्ही पंधरा दिवस तयारी करत होतो, भिंती रंगवल्या, रजिस्टरं पूर्ण केली, मुलींनी स्वागतगीत बसवलं. ते आले, वीसेक मिनिटं थांबले, सातवीच्या वर्गाच्या दारातून एका शिक्षकाला मुलांसमोर मोठ्या आवाजात टाचणाबद्दल बोलले, आणि शेरेबुकात प्रगती समाधानकारक असं लिहून गेले. त्या शिक्षकांचा पुढचा तास मी घेतला, कारण त्यांना वर्गात उभं राहवेना. प्रगती समाधानकारक हा शेरा मी त्यानंतर कितीतरी शाळांच्या शेरेबुकांत वाचला, वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या अक्षरांत. कोणत्या मुलाची, कशात, कशावरून, एक ओळ नाही.

आमची आजी सांगायची, तिच्या लहानपणी दिपोटी येणार म्हटलं की शाळेच्या जमिनी सारवायच्या, पोरांना धुतलेले कपडे घालून पाठवायचं, आणि गुरुजींच्या घरी दोन दिवस कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. दिपोटी म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, 1854 च्या वुडच्या खलित्यानंतर शिक्षणखातं आणि त्याचे इन्स्पेक्टर आले तेव्हापासूनची ही परंपरा. आणि त्याच काळात आपल्याच पुण्यातून, 1848 ला भिडेवाड्यात मुलींची शाळा काढणाऱ्या महात्मा फुल्यांनी 1882 साली शिक्षणाबद्दलच्या हंटर कमिशनला जे निवेदन दिलं त्यात या तपासणीबद्दल लिहून ठेवलंय. डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा शाळेत जातो त्याचा फारसा उपयोग नाही, निदान तीन महिन्यांनी तरी तपासणी व्हावी, आणि मधे न कळवताही जावं, असं त्यांचं म्हणणं होतं. आणखी एक, गावच्या आणि जिल्ह्याच्या अंमलदारांवर यासाठी विसंबता येणार नाही कारण त्यांच्यामागे बाकीची कामंच इतकी असतात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबून पुन्हा वाचलं. 1882! आणि आज ज्याचं कामच शाळा बघणं आहे त्याच्याच मागे बाकीची कामं इतकी लागलीत.

काय कामं, तर सकाळी साडेआठला ग्रुपवर मेसेज, अत्यंत तातडीचे, आज 12 पर्यंत माहिती लिंकवर भरा. आधार किती मुलांचं व्हॅलिड, गणवेश किती वाटले, वृक्षारोपणाचे फोटो, नळजोडणी, यू-डायस म्हणजे शाळांच्या आकडेवारीची नोंद, शालार्थ म्हणजे पगाराची प्रणाली, जी माहिती गेल्या महिन्यात दिली तीच नव्या एक्सेल शीटमध्ये. एखाद्या शाळेचं काहीच नसेल तरी निरंक असं लिहून पाठवावंच लागतं, नाहीतर तुमच्या केंद्राची माहिती अप्राप्त असं लाल अक्षरात येतं. मग मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून, जिथे रेंज येते तिथे, 11 शाळांना फोन करत बसते, आणि पलीकडे शिक्षक वर्ग सोडून फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात येतो. द्विशिक्षकी शाळा असली की एक जण फोनवर आणि दुसरा चारही वर्ग सांभाळतोय. म्हणजे तपासणाऱ्यामुळेच शिकवणं बंद. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नं शिक्षकांना जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून बिगरशैक्षणिक काम देता येत नाही, पण ही माहिती शैक्षणिकच धरली जाते ना. त्यात एकेकाकडे दोन-दोन, तीन-तीन केंद्रांचा अतिरिक्त चार्ज, पदं रिकामी म्हणून. तीस शाळांचा माणूस वर्गात कधी बसणार?

आता ज्या भेटीमुळे मी अजून या कामात टिकून आहे ती सांगते. दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरातली गोष्ट, धरणाच्या पाण्यापलीकडच्या एका वस्तीशाळेवर गेले होते. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाची वाचन चाचणी घ्यायची होती, दुसरीच्या मुलानं मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. कातकरी वस्तीवरची एक मुलगी उभी राहिली, पुस्तक हातात, माझ्या मोबाईलवर टायमर. 11 शब्द. अकरावा शब्द तर तिनं जवळजवळ रडत वाचला. मी फॉर्मवर 11 लिहायला घेतलं तेवढ्यात बाई हळूच म्हणाल्या, मॅडम, तिची वही बघता का. शंभर पानी साधी वही, वरचं कव्हर गेलेलं. मुलगी सकाळी आल्यावर जे सांगते ते बाई तिच्याच शब्दांत त्यात लिहून ठेवतात आणि मग ती ते वाचते. मुलीनं पान उघडलं आणि बोट न ठेवता वाचलं, आई पहाटं वढ्याला गेली, तिनं सात मुठे धरले, एक माझ्या हाताला चावला. मुठा म्हणजे खेकडा. मी विचारलं, मुठा चावला म्हणजे कसा, तर तिनं वही खाली ठेवून दोन्ही हातांची नांगी करून माझं मनगट धरलं. जोरात. आणि मग पुढची दोन पानं न सांगता वाचून दाखवली.

फॉर्मवर एकच चौकोन होता, त्यात 11 च लिहावं लागलं. पण शेरेबुकात मी त्या दिवशी पाऊण पान लिहिलं, बाई काय करतात, ती मुलगी काय वाचते, पुस्तकातली भाषा आणि तिच्या घरची भाषा यातलं अंतर त्या वहीनं कसं कमी होतंय, आणि पुढच्या भेटीपर्यंत वहीतले शब्द पुस्तकातल्या शब्दांना कसे जोडता येतील ते आम्ही दोघींनी बसून ठरवलं तेही. केंद्रातल्या शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, मी बोलले नाही, बाईंनाच बोलायला लावलं. आता केंद्रातल्या आणखी तीन शाळांत अशा वह्या आहेत, एका ठिकाणी महिन्याभरात बंद पडल्या, तिथे पुन्हा जायचंय. मुख्याध्यापक म्हणून मी फार तर माझ्या एका शाळेत हे केलं असतं. इथे एकीचं चांगलं दुसरीपर्यंत नेता येतं, आणि ते नेणाऱ्याला वर्ग कळत असला तरच नेता येतं. इकडे यावं का, याचं माझं उत्तर म्हणूनच हो असं आहे.

माझी भाची इंग्लंडमध्ये शाळेत शिकवते, तिच्याकडून तिकडचं बरंच ऐकते. तिथे 1839 पासून इन्स्पेक्टर आहेत आणि 1992 पासून शाळा तपासणारी ऑफस्टेड ही वेगळी संस्था. तिकडे चालू नोकरीतले मुख्याध्यापकसुद्धा वर्षातले काही दिवस दुसऱ्या शाळांच्या तपासणीला जातात, म्हणजे स्वतःची शाळा सुटत नाही आणि दुसऱ्यांच्या शाळाही दिसतात, मला हे फार पटलं, आपल्याकडे शाळासिद्धी या शाळांच्या मूल्यमापनाच्या योजनेत बाहेरून तपासायला निर्धारक पाठवायचे त्यात थोडंसं तसं होतं. पण तिथलं दुसरंही ऐका. शाळेला आउटस्टँडिंग, गुड असा एका शब्दाचा शेरा द्यायचे. 2022 च्या शेवटी एका चांगल्या चाललेल्या शाळेला त्यातला सगळ्यात खालचा शेरा मिळाला आणि तिथल्या मुख्याध्यापिकेनं जानेवारी 2023 मध्ये जीव दिला. चौकशीत, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, त्या तपासणीचाही त्यात वाटा होता असं स्पष्ट झालं. मग जानेवारी 2024 मध्ये तपासण्या थांबवून आधी इन्स्पेक्टरांना ट्रेनिंग दिलं, समोरच्या माणसाच्या मनावरचा ताण कसा ओळखायचा याचं, आणि सप्टेंबर 2024 पासून सरकारी शाळांसाठी तो एका शब्दाचा शेरा बंद केला. एवढं मोठं खातं, एवढी वर्षं चाललेलं, आणि हे शिकायला एक बाई जावी लागली. आपण तेवढं थांबू नये.

आपल्याकडे आता स्क्वाफ हा शाळांची गुणवत्ता मोजायचा आराखडा आलाय, 128 मानकं, शाळेनं स्वतःचं मूल्यांकन करून पुरावे अपलोड करायचे. त्याआधी शाळासिद्धीत 46 होती. मानकांना माझा विरोध नाही, त्यातली बरीचशी चांगली आहेत, पण पुरावा म्हणून फोटो चढवता येतो आणि त्या मुलीची वही कुठे चढवायची?

म्हणून माझं सांगणं खात्याला आहे आणि परीक्षा देणाऱ्यांनाही. शिक्षण आयुक्तालय पुण्यात, परीक्षा परिषद पुण्यात, एससीईआरटी ही अभ्यासक्रम आणि शिक्षक प्रशिक्षणाची राज्य संस्था कुमठेकर रस्त्यावर, सगळं इथेच आहे, तेव्हा हे पत्र त्यांच्यापैकी कुणी वाचेल अशी आशा आहे. नवीन केंद्रप्रमुखाला किंवा विस्तार अधिकाऱ्याला चार्ज देण्याआधी तीन आठवडे एखाद्या जुन्या, चांगल्या अधिकाऱ्याबरोबर फिरू द्या, दोघांनी एकाच वर्गात बसायचं, वेगवेगळं लिहायचं आणि मग एकमेकांचं वाचायचं. त्याला खर्च काही नाही. बहुपर्यायी परीक्षेत कायदे आणि शासन निर्णय पाठ आहेत का ते कळतं, पण चालू तासात बसून काय दिसलं हे लिहायला लावणारा एक भाग त्यात का नसावा, व्हिडिओवर पाठ दाखवून तो घेता येईल की. आठवड्यातले दोन दिवस, मंगळवार-गुरुवार म्हणा, केंद्रप्रमुखाला मीटिंग नाही, माहिती नाही, लिंक नाही, फक्त वर्ग, असा साधा आदेश काढा आणि वरच्या ऑफिसांनी तो पाळावा. आणि शेरा लिहिण्याआधी तो शिक्षकाला तोंडी सांगून, त्याचं ऐकून, मगच लिहायचा, मुलांसमोर तर कधीच काही बोलायचं नाही, हे तर आदेशाशिवायही आजपासून करता येतं.

आणि तुम्ही ज्या फोन करता त्यांना, पुस्तकं तुम्ही वाचालच, क्लासही लावाल, पण त्याआधी एक दिवस रजा टाका आणि ओळखीच्या दुसऱ्या शाळेत, तिथल्या मुख्याध्यापकांना विचारून, एका वर्गात मागे जाऊन बसा. 40 मिनिटं. बोलायचं नाही, फळा सरळ करायचा नाही, टाचण मागायचं नाही. शेवटच्या रांगेतलं एकच मूल निवडा आणि त्या 40 मिनिटांत त्यानं काय केलं तेवढं कागदावर लिहा, आणि तास संपल्यावर त्या शिक्षकाला तो कागद दाखवून विचारा, तुम्हाला यात काय दिसतं? त्याचं बोलणं ऐकताना मधेच आमच्या शाळेत आम्ही असं करायचो हे तोंडावर आलं तर गिळा. तो दिवस आवडला तर फॉर्म भरा. पानशेत बाजूला यायचं असेल तर माझ्याबरोबर चला, स्वारगेटहून सकाळची एसटी आहे, डबा घेऊन या, मंगळवारी मी शक्यतो वर्गातच असते.

आपली,
एक केंद्रप्रमुख, धायरी, पुणे
(नाव कृपया छापू नये, शाळांची ओळख पटायला नको)